सात मोकळ्या जागा

रिव्हर्ब वाढवायचा हुकूम मी तिसऱ्यांदा पाठवला. कीबोर्ड ढिम्म. सूर वाजत होते, पण कोरडेठाक.

समोर सुमनताई बसल्या होत्या. जळकोटकडच्या. त्या देवीची गाणी गायच्या आणि त्यांचे यजमान साथीला कीबोर्ड वाजवायचे. ते शाळेत शिक्षक, म्हणून बायकोसकट सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. गुरुजी जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ताई गायल्या नव्हत्या. त्यांचा जुना कीबोर्ड सतरंजीत गुंडाळून, एसटीत जळकोटपासून सांभाळत त्या माझ्या नांदेडच्या स्टुडिओत आल्या होत्या.

"ह्याच्यात त्यांचं एक गाणं भरलेलं हाय," त्या म्हणाल्या. "मला एकदा त्यांच्यासंगं गायचंय. दुसरं कुणी वाजवाया बसलं की माझा आवाजच निघत न्हाई."

भरलेलं म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. ते मिडीत होतं. मिडीत आवाज नसतो, नुसते हुकूम असतात: ही पट्टी दाब, एवढ्या जोरात, आता सोड. आवाज वाद्य स्वतः काढतं. मी ते हुकूम कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले आणि केबलने परत त्याच कीबोर्डला पाठवले. माणूस नसताना त्याचं वाजवणं सुरू झालं. ताईंनी अख्खं गाणं ऐकलं.

"सूर त्यांचेच हायत. पण घुमत न्हाईत."

घुमणं म्हणजे रिव्हर्ब. मोठ्या देवळात टाळी वाजवली की मागे रेंगाळतो, तो आवाज. गुरुजी वाजवता-वाजवता मध्येच पॅनलवरचं गोल बटण फिरवून तो वाढवायचे. त्या मॉडेलच्या मेमरीत सूर साठत, या बटणाची हालचाल साठत नसे. म्हणजे ते फिरवणं आता मलाच सॉफ्टवेअरमधून करायचं होतं.

नेहमीचा हुकूम म्हणजे कंट्रोल चेंज, नंबर एक्क्याण्णव. बहुतेक कीबोर्ड तो ऐकतात. हा नाही. मॅन्युअल चाळलं तेव्हा कळलं, याला सिसेक्स लागतो. सिसेक्स म्हणजे कंपनीने त्या वाद्यापुरता ठरवलेला खास हुकूम. तो पाठवला, तरी ढिम्म. शेवटी मेनू उघडला, तर बाहेरून येणारे सिसेक्स गुरुजींनी बंदच करून ठेवले होते.

"मुद्दाम केले असतील," ताई म्हणाल्या. "त्यांच्या सेटिंगला कुणी हात लावल्याला चालत नव्हतं. मी बी."

चालू केलं. घुमू लागलं. मग मला हौस आली. त्या गाण्यात प्रत्येक कडव्यानंतर 'उदो' येतो, देवीचा जयजयकार. बरोबर त्या शब्दावर मी रिव्हर्ब चढवला. शिवाय गुरुजींच्या वाजवण्यात सात ठिकाणी उजव्या हाताचे सूर गायब होते. वय झालं होतं, चुकले असतील, असं मीच ठरवलं आणि शेजारचे सूर कॉपी करून त्या जागा भरून टाकल्या. पंचवीस वर्षं लोकांच्या चुका झाकून पोट भरतोय. विचारायची सवय राहिलेली नाही.

ताई माइकसमोर उभ्या राहिल्या. पहिलं कडवं म्हटलं. आवाज जड होता, पण निघाला. 'उदो' म्हणाल्या आणि थांबल्या. थांबूनच राहिल्या. गाणं पुढे निघून गेलं.

मी प्लेबॅक बंद केला. "काय झालं, ताई?"

"हे तुमचं हाय. ह्यांचं न्हाई."

"सूर तर त्यांचेच आहेत."

"मी उदो म्हणून थांबायची. मग ते उजवा हात उचलून बटन फिरवायचे. घुमलं की मी फुडं. तुम्ही मला थांबूच देत न्हाईत."

त्या जागा चुका नव्हत्या. तिथे हात पट्ट्यांवर नव्हता, बटणावर होता. बटणाची नोंद मशीनने ठेवली नव्हती, पण हात कधी उठला आणि कधी परत आला, ते त्या मोकळ्या जागांत जसंच्या तसं होतं. मी शहाण्याने नेमकं तेवढंच पुसलं होतं. मूळ फाईल वेगळी ठेवली होती म्हणून निभावलं.

जागा परत मोकळ्या केल्या. प्रत्येक जागेत, डाव्या हाताने धरून ठेवलेल्या सुरावर, रिव्हर्ब हळूहळू चढवत गेलो. सातवीला ताईंनी मला अडवलं.

"हितं नका घुमवू. हितं ते माझ्याकडं हात करायचे."

"कशाला?"

"बास म्हणून. माझ्याच्यानं गाणं सोडवायचंच न्हाई. त्यांनी हात केला की मी थांबायची."

मी माउस सोडला. सातवी जागा तशीच ठेवली.

ताई पुन्हा गायल्या. उदो म्हणून थांबायच्या, घुमलं की पुढे जायच्या. काचेच्या अलीकडे बसून मला त्या दोघांचा हेवा वाटत होता. माझ्यासाठी कुणी असं थांबल्याचं मला आठवत नाही.

सातवी जागा आली. डावा हात वाजत होता, उजवा नव्हता. ताईंनी इथे थांबायचं होतं. त्या थांबल्या नाहीत. पुन्हा उदो म्हणाल्या, मग पुन्हा पहिलं कडवं धरलं. गुरुजींचं वाजवणं संपलं, तरी त्या गातच राहिल्या. मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही.

तेच फायनल दिलं. शेवटची दोन मिनिटं साथीविना आहेत. माझ्या धंद्यात ही चूकच. दुरुस्त केली नाही.

आता कुणाच्या वाजवण्यात मोकळी जागा दिसली, की भरण्याआधी विचारतो, इथे हात कुठे होता? बहुतेक वेळा उत्तर येतं, नाक खाजवत होतो. तरी विचारतो.