पेडलवरचा पाय

देवाला सांगायचं म्हणून मी एकदा गवीपुरातल्या देवळात गेले होते. समोर उभी राहिले, डोळे मिटले, मनात पहिलं वाक्य जुळवलं — तेवढ्यात मागची बाई म्हणाली, "स्वल्प पुढे सरका हो." पुजाऱ्याने तीर्थ दिलं, मी घेतलं आणि घरी आले. म्हणजे देवालाही सांगायचं राहूनच गेलं. तुम्हीच पहिले.

तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट सांगता येणार नाही. मन हलकं करायला म्हणावं, तर ते जड तरी कुठे आहे? बधिर आहे. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय असतो, पण आपला वाटत नाही — तसं.

आमचं माहेर बसवनगुडीतलं. पिढ्यान् पिढ्या बेंगळूरात राहिलेली मराठी माणसं आम्ही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि रागावलो की दोन्ही. वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं ते अण्णांनी, माझ्या थोरल्या भावाने. आमच्या नात्यात सगळे कारकून नाहीतर मास्तर. अण्णा एकटेच मिस्त्री. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात गाड्यांचं काम शिकले आणि नंतर घराशेजारच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड घालून बसले. नातेवाईक नाकं मुरडायचे — लग्नाकार्यात त्यांच्या नखांकडे बघायचे. पण ब्रेकचं काम म्हटलं की गावातले मोठमोठे लोक गाडी अण्णांकडेच पाठवत. इंजिन कुणीही उघडतो, ब्रेक अण्णांनीच करावेत, असं बोललं जायचं. ते कानावर आलं की त्या दिवशी अण्णा जेवताना भात जास्त घेत.

मी मुद्द्यावर येत नाही आहे, हे कळतंय मला.

ती गाडी अमेरिकन होती. एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. हिरवी, लांबलचक, आमच्या गल्लीत वळली की दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवरची माणसं उभी राहायची. तिचे ब्रेकचे पाइप गंजून गेले होते. पेडलपासून चारी चाकांपर्यंत तेल नेणारे बारीक लोखंडी पाइप — तेच ते. त्या गाडीचे तयार पाइप इथे मिळत नव्हते. अण्णांनी बाजारातून साधा पाइप आणला, जुना समोर ठेवून त्याच्याकडे बघत बघत तसाच वाकवला, दोन्ही तोंडं फुलवून नट बसवले. कितीतरी दिवस ते तेच करत होते. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे जेवायला बोलावायला मीच शेडमध्ये जायची, आणि अण्णा हातात पाइप धरून हसायचे. म्हणायचे, "बघ इंदू, अमेरिकेत सुद्धा असाच करतात. फक्त तिकडे यंत्र करतं."

पाइप नवे घातले की आतली हवा काढावी लागते. हे काम एकट्याने होत नाही. एकजण गाडीत बसून पेडल दाबतो, दुसरा खाली चाकापाशी आडवा पडून तिथला छोटा स्क्रू सैल करतो. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. मग स्क्रू घट्ट करायचा, आणि त्यानंतरच वरच्याने पाय काढायचा. आधी काढला तर हवा उलटी आत ओढली जाते. हवा राहिली की पेडल पायाखाली मऊ लागतं. गेली की दगडासारखं घट्ट. पण ते कळतं फक्त पेडलवर बसलेल्याला. खालच्याला बुडबुडे दिसतात, पाय काही दिसत नाही. त्याने विचारायचं, वरच्याने सांगायचं.

अण्णांचा मदतनीस नसला की पेडलवर मी बसायची. लहानपणापासून. "दाब." "धर." "सोड." आणि खालून समाधानाने "सरी" — ठीक — आलं की पुढचं चाक. मला काम येत होतं, हे सांगायलाच हवं. मला नियम माहीत नव्हता असं कुणी माझ्या बाजूने म्हणू नये.

त्या सोमवारी परिषे होती — बसवण्णाच्या देवळापाशी कार्तिकात भरते ती शेंगांची जत्रा. मदतनीस सकाळीच तिकडे पळाला होता. मीही जाणार होते, शेजारच्या रत्नाबरोबर. नवीन परकर-पोलका घालून तयार होते. अण्णा म्हणाले, "गाडी आज द्यायची आहे. एवढं करून जा." मी तोंड वाकडं करून गाडीत बसले. कपड्यांना तेल लागेल म्हणून परकर गुडघ्यापर्यंत गोळा करून.

तीन चाकं झाली. रत्ना फाटकाशी येऊन उभी राहिली होती. "बरतीया, इल्वा?" येतेस की नाही, म्हणून दोनदा ओरडली. शेवटचं चाक चाललं होतं. अण्णा "धर" म्हणाले होते, "सोड" म्हणाले नव्हते. मी रत्नाकडे वळले — आणि पाय उचलला.

लगेच परत ठेवला. पेडल आत गेलं. मघापर्यंत घट्ट होत आलेलं पेडल, आता पिठात पाय गेल्यासारखं.

खालून आवाज आला, "घट्ट?"

तुम्ही असतात तर काय म्हटलं असतं? "नाही अण्णा, माझा पाय सुटला" — एवढंच म्हणायचं होतं. ते रागावले असते थोडे. परत चार-सहा वेळा दाबून घेतलं असतं. जत्रा कुठे पळून जात नव्हती.

मी म्हटलं, "घट्ट."

"सरी," खालून आलं.

आणि मी उतरून, परकर झटकून, रत्नाबरोबर निघाले. मागे वळून बघितलं नाही. बघायचं काय होतं?

अण्णांची एक रीत होती. ब्रेकचं काम केलं की पहिली फेरी स्वतः मारायची, एकट्याने. मालकालाही बसू द्यायचं नाही. आणि निघण्याआधी पेडल दोन-तीनदा दाबून बघायचं. त्या दिवशीही त्यांनी दाबलं असणार. पण आत थोडी हवा असली तरी लागोपाठ दाबलं की पेडल वर येतं, घट्ट लागतं. हे अण्णांना चांगलं माहीत होतं. एरवी त्यांनी मिनिटभर थांबून पुन्हा एकदा दाबून बघितलं असतं. त्या दिवशी का नाही बघितलं? मी घट्ट म्हटलं होतं ना.

जत्रेची गर्दी टाळून ते दुसऱ्या बाजूच्या उतारावर गेले. समोरून शेंगांच्या पोत्यांची बैलगाडी वर चढत होती. अण्णांनी ब्रेक दाबला, पेडल तळाला गेलं. परत दाबायला वेळ नव्हता. बैलांवर जाण्याऐवजी त्यांनी गाडी एका बंगल्याच्या दगडी खांबावर घातली.

मी त्या वेळी बांगड्या बघत होते. कुणीतरी सांगत आलं, मिस्त्री अण्णांनी गाडी ठोकली, व्हिक्टोरिया इस्पितळात नेलंय. रत्ना रडायला लागली. मी नाही. मला तेव्हाच सगळं कळलं होतं, आणि कळल्यावर आत काहीतरी बंद झालं. हातातल्या बांगड्या मी बांगडीवाल्याला नीट परत दिल्या, हे मला आठवतं.

अण्णांच्या छातीला मार होता, उजव्या हाताची दोन बोटं चेचली होती. ती पुढे कधी नीट वळली नाहीत. गाडीवाला म्हातारा डॉक्टर भला माणूस, गाडीचा एक शब्द काढला नाही. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी उघडून बघितली. पाइप उत्तम, सांधे उत्तम, म्हणाला. लायनीत हवा राहिली होती. पोलीस आला, त्याने विचारलं, हवा काढताना बरोबर कोण होतं? अण्णा म्हणाले, कोणी नाही, शेजारचा एक पोरगा होता, नाव माहीत नाही. त्या महिन्यात मला बघायला मल्लेश्वरमहून माणसं यायची होती. मुलीचं नाव पोलिसाच्या कागदावर नको. म्हणून माझा भाऊ, जो कधी खोटं बोलत नसे, तो माझ्यासाठी खोटं बोलला.

पण माझी चूक अजून मी सांगितलेलीच नाही. पाय सुटला, "घट्ट" म्हटलं — पोरवयाचा उतावळेपणा म्हणून तेवढं कदाचित चाललं असतं. खरी गोष्ट नंतरची.

पोलीस गेल्यावर इस्पितळाच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. अण्णांनी डोळे उघडले. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात, स्वतःचाच हिशेब लागत नसावा तसं विचारलं, "इंदू, शेवटच्या चाकाला पेडल घट्ट होतं ना गं?"

आता जत्रा नव्हती. रत्ना नव्हती. घाईही नव्हती. खरं सांगितलं असतं तर अण्णांनी मला मारलं असतं का? कधी बोट लावलं नव्हतं. घराबाहेर काढलं असतं? माझं नाव वाचवायला आत्ताच खोटं बोलले होते. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं, की आपले हात चुकले की नाही.

मी म्हटलं, "घट्ट होतं अण्णा. अगदी घट्ट."

त्यांनी मान हलवली. "मग माझ्याच हातून राहिलं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी पाणी ओतून ठेवलं. डबा धुतला. काही वाटलं का, विचाराल. नाही वाटलं. आजही ते आठवलं की पाण्याचं भांडं आठवतं, भिंतीवरचा चुना आठवतो. वाटणं मात्र आठवत नाही.

शेड बंद झाली. बोटांमुळे, असं लोक म्हणायचे. बोटांनी अडत नव्हतं. तीन बोटांनी काम करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. अण्णांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. हत्यारं विकली, आणि एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून झाले. खिडकीतून दुसऱ्यांना नट-बोल्ट द्यायचे, सही घ्यायची. नातेवाईक खूश झाले — शेवटी आमच्यासारखाच झाला म्हणून. माझं लग्न मल्लेश्वरमच्या त्याच स्थळाशी झालं, थाटात. पाठवणीच्या वेळी अण्णा रडले. मी खाली बघून उभी होते. बायका म्हणाल्या, किती शालीन मुलगी.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवलं नाही. संसार केला, मुलं झाली, दर दिवाळीला भाऊबीजेची ओवाळणी घेतली. एखादी बस उतारावर जोरात थांबली की अण्णा खिडकीची दांडी धरतात, तेव्हा मी दुसरीकडे बघते. एवढंच.

हे असंच राहिलं असतं. पण गेल्या वर्षी श्रीधर आला — अण्णांचा मुलगा, त्या वेळी वहिनीच्या पोटात असलेला. मॅट्रिक झालाय. थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. त्याला गाड्यांचं काम शिकायचं होतं. एका कारखान्यात उमेदवारीची जागा मिळत होती, आणि अण्णा ऐकत नव्हते. "बाबा म्हणतात, आपल्या घराण्याच्या हाताला ते काम नाही. माझा हात चुकला, तुझाही चुकेल, आणि तेव्हा समोर बैलगाडी नसेल, माणूस असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, तू सांग ना. बाबा तुझं ऐकतात. तुझ्या शब्दावर त्यांचा फार विश्वास आहे."

त्याची बोटं मी बघितली. अण्णांसारखीच आहेत, लांब, टोकाला चपटी.

चुलीवर दूध होतं. ते वर यायच्या आत मला बोलता आलं असतं. श्रीधरला नाही, तर संध्याकाळी अण्णांकडे जाऊन. आता कुणाचं काय बिघडणार होतं? माझं लग्न मोडणार नव्हतं. पोलीस येणार नव्हता. एका मुलाला हवं ते शिकता आलं असतं, आणि एका माणसाला त्याचे हात परत मिळाले असते.

मी म्हटलं, "श्रीधर, बाबांना अनुभव आहे. ते सांगतात ते ऐकावं."

त्याने दूध घेतलं नाही. उठून गेला. आता कुठल्याशा सरकारी कचेरीत टाइपिंग करतो.

पुढच्या रविवारी अण्णा आले, एकटेच, माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन. आमच्यात भाऊ-बहीण एकमेकांचे आभार मानत नाहीत. पण ते दारातच उभे राहून म्हणाले, "श्रीधरला समजावलंस म्हणे. फार बरं केलंस, इंदू. माझं त्याला पटत नव्हतं."

मी म्हटलं, "त्यात काय अण्णा," आणि गजरा केसात माळला.