तिसऱ्या भागातला फोन

माझ्या नणंदेचे कान आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, असं आमच्या घरात मधे बरेच दिवस सगळे धरून चालले होते. तीसुद्धा. कान चांगले होते, खोटं दुसरीकडेच चाललं होतं. एका टीव्हीवरच्या रहस्यमालिकेवर माणसाने किती चिडावं, असं नवरा मला विचारतो. म्हणून काय झालं ते पहिल्यापासून सांगते.

नणंदेला आम्ही अक्का म्हणतो. ती नवऱ्याची थोरली बहीण, बोलणं आम्हा तंजावूरच्या मराठ्यांच्या जुन्या वळणाचं, 'मला-तुला'ला 'मज-तुज' म्हणणारं. तंजावूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने सगळी नोकरी केली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर साखरेच्या दुखण्याने डोळ्यांचे पडदे गेले. उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली आणि आमच्या कुरबुरी सुरू झाल्या. मी स्वयंपाकघरात मिठाचा डबा हलवला की तिचा हात साखरेत जायचा. ती बोलून दाखवायची नाही, फक्त डबा जरा जोरात ठेवायची. मलाही तो आवाज बरोबर कळायचा. टीव्ही तिने सोडलाच होता. "दिसत नाही त्याच्या समोर बसून काय करू," म्हणायची आणि आपल्या खोलीत पडून राहायची.

शनिवारी माझ्या विमा कचेरीला सुट्टी असते. नवरा पापनाशमच्या शाळेत शिकवतो, त्याला शनिवारीही बऱ्याचदा जावं लागतं. जेवणं उरकली की दुपारी मी दिवाणखान्यात टीव्हीवर इंटरनेटवरून एक तमिळ रहस्यमालिका लावून बसायची. आठवड्याला एक भाग यायचा. आमच्याच कावेरीकाठच्या एका गावात एका भातगिरणीच्या मालकाचा खून होतो आणि एक बाई इन्स्पेक्टर तपास करते, अशी गोष्ट. एका दुपारी पडद्यावर मालकाचा भाऊ इन्स्पेक्टरला सांगत होता की, त्या दिवशी मी कुंभकोणमला होतो. खोलीतून अक्काचा आवाज आला, "खोटं बोलतोय तो."

मी टीव्ही थांबवला आणि दारात जाऊन विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"कुंभकोणम म्हणायच्या आधी त्याने आवंढा गिळला. तुज ऐकू आला नाही?"

मला आला नव्हता. पुढच्या भागात तो भाऊ खरंच खोटा ठरला. त्यानंतरच्या शनिवारी मी न विचारता तिची खुर्ची टीव्हीपुढे आणून ठेवली आणि ती येऊन बसली.

मी बघायचं आणि सांगायचं, तिने ऐकायचं, अशी वाटणी झाली. सुरुवातीला मी सांगायची, "आता तो घाबरलाय." अक्का म्हणायची, "तुज काय दिसतं ते सांग. घाबरलाय की नाही ते मी बघते." मग मी शिकले. त्याने किल्ली खिशात टाकली. त्याची चप्पल ओली आहे. तिने घड्याळाकडे पाहिलं. ती मान हलवायची आणि मधेच हात वर करून मला गप्प करायची, कारण तिला मागचा काही आवाज ऐकायचा असायचा. पहिल्या सीझनचा शेवट आला तेव्हा अर्धं मी पाहिलं होतं आणि अर्धं तिने ऐकलं होतं, आणि दोन्ही जोडलं की खुनी बरोबर निघत होता. मालिका अगदी प्रामाणिक होती. दाखवलेलं एकही फुकट गेलं नाही, आणि लपवलेलं एकही अन्यायाचं नव्हतं. त्या दिवशी अक्काने स्वतः उठून चाचपत चाचपत कॉफी केली आणि मला आणून दिली. मिठाचा डबा मी तेव्हापासून हलवलेला नाही.

दुसऱ्या सीझनची आम्ही कशी वाट पाहिली असेल ते यावरून समजा.

दुसऱ्या सीझनची गोष्ट तिरुवैयारूची होती. संगीत शिकवणारी एक विधवा बाई एका सकाळी घाटावर जाते आणि परत येत नाही. तिच्या मुलीला फोन येऊ लागतात. बारीकसारीक चुकांनी माझं डोकं पहिल्या भागापासूनच तापायला लागलं होतं, हे कबूल करते. ऐन उन्हाळ्यातली गोष्ट आणि कावेरी दोन्ही थडी भरून वाहतेय. त्या दिवसांत तिथे पोरं वाळूत क्रिकेट खेळतात. त्यात एक तंजावूरचं मराठी कुटुंब घातलेलं. त्यांच्या भिंतीवर तलवारी, आजोबा घरातही फेटा बांधून बसलेले आणि बोलणं अर्धं हिंदी. आमच्या भिंतीवर कॅलेंडर असतं आणि सांबाराच्या फोडणीवरून भांडणं होतात, तलवारीवरून नाही. मी बडबडले की अक्का म्हणायची, "असू दे गे. खून कोणी केला ते बघू."

तिसऱ्या भागात पहिला फोन वाजला. मुलगी फोन उचलते. पलीकडे बराच वेळ कोणी बोलत नाही, मग एक दबका पुरुषी आवाज तमिळमध्ये म्हणतो, "तुझी आई सुखात आहे. शोधू नकोस." बस, एवढंच. अक्का म्हणाली, "परत लाव." मी परत लावलं. "अजून एकदा." मग ती खुर्चीला टेकून बसली आणि म्हणाली, "हा डॉक्टर आहे."

डॉक्टर म्हणजे बाईंच्या घरी नेहमी येणारा, सगळ्यांचा लाडका, पैसे न घेता औषध देणारा. आवाज मुद्दाम जाड केला होता, पण शब्दाचं शेवटचं अक्षर तो गिळायचा, तसं फोनवरही गिळलं होतं. शिवाय मागे पंखा कुरकुरत होता. पहिल्या भागात दवाखान्यात तोच पंखा तसाच कुरकुरला होता. हे मलाही दोनदा ऐकल्यावर पटलं. आणि मी पाहिलेलं सगळं त्याला जुळत गेलं. त्याच्या गाडीच्या चाकाला लागलेली वाळू मी सांगितली होती, बाईंच्या तंबोऱ्याची तुटलेली तार त्याच्या टेबलावर दिसली तेही सांगितलं होतं. आता फक्त त्याने हे का केलं, एवढंच उरलं होतं.

ओळखणाऱ्या आम्ही दोघीच नव्हतो. माझ्या कचेरीत डब्याच्या वेळी सगळ्याजणी डॉक्टरचंच नाव घेत होत्या. इंटरनेटवरही लोक हेच लिहीत होते म्हणे. अशात शेवटचे दोन भाग पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. कारण काय, तर तांत्रिक अडचण.

अखेर ते भाग आले. बाईंचा खूनच झाला होता. खुनी कोण निघाला असेल? बाईंच्या मेलेल्या नवऱ्याचा जुळा भाऊ. शेवटच्या भागाआधी जो कधी दिसला नाही, ज्याचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं, तो सिंगापूरहून येऊन उभा राहिला आणि त्याने सगळं कबूल केलं. डॉक्टर निर्दोष. वाळू, तार, पंखा, कशाचाच कोणी उल्लेख केला नाही. मी रिमोट सोफ्यावर टाकला.

अक्का मात्र वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ होती. शेवटी आठवण म्हणून तो जुना फोन पुन्हा ऐकवला होता. "हा तो फोन नाही," ती म्हणाली. "आवाज दुसरा आहे."

मी म्हटलं, "थांबा, तिसरा भागच काढते." काढला आणि फोनच्या जागी आणला. पलीकडून जुळ्या भावाचा घोगरा आवाज आला, "तुझी आई सुखात आहे. शोधू नकोस." पंखा नाही, काही नाही.

अक्काने पुन्हा लावायला सांगितलं नाही. संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला सांगितलं, तर तो तिच्याजवळ बसून अगदी मायेने म्हणाला, "अक्का, होतं असं. आता वयही झालं. चुकलं असेल ऐकण्यात."

"मलाही पंखा ऐकू आला होता," मी म्हटलं.

"तिने सांगितल्यावर ना?" तो म्हणाला. तिने सांगितल्यावरच आला होता.

त्यानंतरचे आठवडे मी विसरणार नाही. दारात कोणी आलं की आवाजावरून नाव घेणारी अक्का आता "कोण?" विचारू लागली. भाजीवाल्याची हाक आली की माझ्याकडून खात्री करून घ्यायची. शनिवारी दुपारी डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडायची. डोळे गेले तेव्हाही ती इतकी खचली नव्हती, असं नवराच म्हणाला. मला मालिकेचा राग आधी होता, तो फसव्या शेवटाचा होता. आता जो आला तो निराळाच होता, कारण मला मनातून कळत होतं की त्यांनी आवाज बदललाय. आपला शेवट बदलला म्हणून त्यांनी मागे जाऊन पुरावासुद्धा बदलला होता आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. डोळ्यांनी बघणाऱ्यांना त्याने काय फरक पडणार होता?

कचेरीत मी एकेकीला विचारत सुटले, कोणाकडे तिसरा भाग जुना उरलाय का. एक सहकारीण रोज वल्लमहून बसने येते. ती प्रवासात बघायला भाग फोनवर उतरवून ठेवायची आणि पुसायचा कंटाळा करायची. तिच्याकडे निघाला. मी तिला संध्याकाळी ओढतच घरी आणलं. कॉफीचंही विचारलं नाही, अक्कापुढे बसवलं आणि म्हटलं, "लाव."

पंखा कुरकुरला. मग डॉक्टर बोलला, शेवटचं अक्षर गिळून.

अक्काने हात पुढे केला, सहकारिणीचा फोन धरला आणि कानाशी नेला. ऐकून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मज बरोबर ऐकू आलं होतं." नवरा दारातच उभा होता, अंगातला शर्ट शाळेचाच. तो आला आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसला. मला त्याला बोलावंसं वाटत होतं, पण मी सहकारिणीसाठी कॉफी टाकायला आत गेले.

पुढे थोड्या महिन्यांनी त्या मालिकेचा लेखक आमच्या गावातल्या एका कॉलेजात व्याख्यानाला आला. सगळ्यांना प्रवेश होता. अक्काला घेऊन मी ऑटोने गेले. प्रेक्षकांचा विश्वास कसा मिळवावा, यावर तो तासभर बोलला. प्रश्न विचारा म्हणाले तशी मी उठले आणि विचारलं, "तिसऱ्या भागातल्या फोनचा आवाज तुम्ही नंतर का बदललात?"

तो हसला. "मॅडम फारच बारकाईने बघतात." मुलंही हसली. मग तो म्हणाला, "लोकांनी डॉक्टरला ओळखलं होतं. ओळखलेलं रहस्य कोण बघेल? लोकांना धक्का हवा असतो."

"ओळखता यावं म्हणूनच तुम्ही खुणा ठेवल्या होत्या ना? ज्यांनी लक्ष देऊन ऐकलं, त्यांनाच तुम्ही खोटं पाडलंत."

"ही करमणूक आहे मॅडम, कोर्ट नाही."

अक्का पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. तिला माईक लागला नाही. एक्स्चेंजमधला स्वच्छ आवाज होता तो. "मला दिसत नाही," ती तमिळमध्ये म्हणाली. "माझ्याजवळ तुमचा आवाज तेवढा होता. तो बदलायचा होता तर सांगून बदलायचा. मी इतके दिवस स्वतःला वेडी समजत होते."

आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल, असं मला वाटलं. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "अम्मा, तुमच्यासारखे प्रेक्षक हेच आमचं भाग्य." टाळ्या पडल्या. त्याच्यासाठी पडल्या. कार्यक्रम संपल्यावर तो फोन घेऊन अक्काबरोबर फोटो काढायला आला. अक्का म्हणाली, "मला दिसणार नाही. मग तो कोणासाठी?" आणि माझा दंड धरून चालू लागली.

ऑटोत मी एकटीच बोलत होते. अक्का म्हणाली, "बदललं नाही असं तो म्हणाला नाही. मज तेवढं पुरे." मला पुरे नव्हतं आणि आजही नाही. माफी मागायला त्याला फार तर एक वाक्य लागलं असतं.

मालिकेचा तिसरा सीझन आलाय. कचेरीत त्याच्यावर बोलणं निघालं की मी डबा उचलून दुसरीकडे बसते. अक्का आणि मी हल्ली शनिवारी एक मल्याळम मालिका बघतो. भाषा दोघींनाही अर्धीच कळते. तिचं म्हणणं, खून स्वयंपाक्याने केलाय. मी तिला किती वेळा सांगितलं, स्वयंपाकी तेव्हा बाजारात होता, मी त्याला मासे घेताना पाहिलंय. ती ऐकत नाही.