शिट्टी नसलेला कुकर

कंपनीच्या सोडतीत सुदेशचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा दुसराच कुणी सुदेश असेल म्हणून तो जागेवरून उठलाच नाही. शेवटी शेजारी बसलेल्या, त्याच्याच खोलीतल्या नागेशने त्याला ढकलून स्टेजवर पाठवलं. गुहागरकडचा सुदेश दुबईत एसीच्या डक्टवर काम करायचा आणि अल कूझला कंपनीच्या खोलीत राहायचा. आजवर त्याला कशात काही लागलं नव्हतं. त्याचा डोळा बक्षिसातल्या मोबाइलवर होता. मिळालं मात्र एक जड खोकं.

खोलीवर येऊन उघडलं, तर आत चिनीमातीचं काळं भांडं, काचेचं झाकण आणि खाली विजेची शेगडी. खोक्यावर ‘स्लो कुकर’ असं लिहिलेलं. सुदेशने बायकोला, सोनमला, व्हिडिओ कॉल लावून सगळं फिरवून दाखवलं.

“अहो, याची शिट्टी कुठाय?” सोनमने विचारलं.

शिट्टी नव्हती. रबरही नव्हतं. बरं, मुद्दाम सावकाश शिजवणारा कुकर कुणी कशाला बनवेल, हे दोघांनाही कळेना. खोक्यावरच्या चित्रात पांढऱ्या रश्श्यात कोंबडीचे तुकडे होते आणि वर फुगलेले गोळे तरंगत होते. सोनमला ते मोदक वाटले. खोलीतले सगळ्यात जुने कमरुद्दीनभाई म्हणाले, अंडी आहेत. नागेशने सुपरवायझरला विचारलं. त्याने ‘डंपलिंग’ असं सांगितलं. साइटवर डंपिंग म्हणजे राडारोडा टाकणं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

तरी रविवारी जेवण करायची पाळी सुदेशची होती, आणि बक्षीस आपल्याला लागलंय तर एकदा करून बघावं, असं त्याच्या मनाने घेतलं. नागेशने मोबाइलवर एका गोऱ्या बाईचा व्हिडिओ लावला. तिचं बोलणं भराभर होतं, म्हणून ते नुसते हात बघत राहिले. कोंबडी, कांदा, गाजर, मिरी, मीठ. हळद नाही, तिखट नाही, फोडणी तर नाहीच. बाई काहीतरी विसरली असणार, असं सुदेशला वाटलं. तो बराच वेळ मसाल्याचा डबा हातात धरून उभा राहिला आणि मग त्याने तो परत ठेवला.

बटणावर तीन खुणा होत्या. लो म्हणजे कमी, हाय म्हणजे उंच, वॉर्म म्हणजे गरम. जेवण गरमच करायचं होतं, म्हणून त्याने वॉर्म लावलं.

काहीच होईना. ना उकळी, ना वाफ. तो झाकण उचलायचा, बोट बुडवायचा, पुन्हा झाकायचा. नागेश म्हणाला, बिघडलेला माल दिलाय. सुदेशला वाटलं, चूक आपलीच असेल; पण कुठे, ते कळत नव्हतं. तासाभराने नागेशने व्हिडिओ पुन्हा थांबवून थांबवून पाहिला. बाईचं बटण हायवर होतं. मग यांनीही हाय केलं. दुपारी भूक आवरेना, तेव्हा सगळ्यांनी कॅफेटेरियातून पराठे आणून खाल्ले आणि आडवे झाले.

संध्याकाळी वास सुटला, पण ओळखीचा नव्हता. सुदेशने मैदा, दूध आणि लोणी कालवून पीठ केलं. बाईचं पीठ पळीवाढं दिसत होतं. त्याचा हात मात्र चपातीवर बसलेला, त्यामुळे गोळा घट्ट झाला. कच्चं पीठ कालवणात टाकायला त्याचं मन धजेना. शेवटी डोळे मिटल्यासारखं करून त्याने गोळे सोडले.

वाढलं तेव्हा मांस हाडापासून आपोआप सुटत होतं. गोळे बाहेरून मऊ, आत जरा चिवट. सगळे गप्प बसून खात होते. बरं झालंय की वाईट, ते सुदेशला कुणाच्याच तोंडावरून वाचता येईना. नागेशने वर लसणाची चटणी घातली. कमरुद्दीनभाईंचे खालचे दात गेले होते. ते एरवी पाव चहात बुडवून खायचे. त्यांनी पहिला घास बराच वेळ तोंडात ठेवला.

“नमक कम है,” ते म्हणाले, आणि ताटली पुढे केली. थोड्या वेळाने पुन्हा पुढे केली.

सोनमने फोनवर विचारलं, कसं झालं होतं? सुदेश विचार करून म्हणाला की ते त्यालाही समजलं नाही, पण भांडं रिकामं आहे.

पुढच्या आठवड्यात कमरुद्दीनभाईंनीच विचारलं, ते गोळेवालं पुन्हा कधी? या वेळी सुदेशने सगळं नीट केलं. बटण पहिल्यापासून हायवर, मीठ पुरेसं, पीठ सैल. गोळे अगदी चित्रातल्यासारखे फुगले. तो खूश होऊन वाढायला बसला.

नागेशने चव घेतली. “मागच्यासारखं नाही झालं रे.” कमरुद्दीनभाईंनीही मान हलवली. त्यांना तो चिवटपणाच आवडला होता. हिरड्यांनी चावायला काहीतरी लागतं, असं ते म्हणाले.

सुदेशला हसावं की रडावं ते कळेना. त्यानंतर तो पीठ घट्टच मळू लागला, पण ती पहिली चव काही जमली नाही. व्हिडिओतल्या बाईला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तिचं कधी चुकतच नव्हतं. आता दर रविवारी तो वेगवेगळं काहीतरी चुकवून बघतो, आणि सगळे गप्प बसून खातात.