फौजदारकाकांचं मत

कुठल्याही नाटकाला होकार देताना फौजदारकाका एकच अट घालायचे. मानधनाची नाही, भूमिकेची नाही. "मतदानाच्या दिवशी मी नाय. बाकी बोलवाल तवा येतो." निवडणूक जाहीरसुद्धा झालेली नसायची. नव्या दिग्दर्शकाला वाटायचं, हा माणूस कुठल्यातरी पक्षाचा असणार. काकांनी जन्मात कुठला झेंडा हातात धरला नाही, आणि मत कुणाला दिलं हे घरात काकूंनासुद्धा कधी सांगितलं नाही.

ते खरे फौजदार नव्हते. दिवसा चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणदारी करायचे आणि संध्याकाळी औरंगाबादच्या हौशी रंगभूमीवर उभे राहायचे. रुंद खांदे, भरघोस मिशा आणि भारदस्त आवाज, त्यामुळे नाटकात पोलीस असला की तो त्यांनाच मिळायचा. चित्रपटांतही चार-दोन वाक्यांचे हवालदार त्यांनी केले. मुकुंदवाडीत त्यांच्या दोन खोल्यांचा पत्ता विचारला तर पोरंटोरंही "फौजदाराचं घर व्हय?" म्हणून बोट दाखवायची. मी तेव्हा बँकेत नुकतीच लागले होते. एका स्पर्धेच्या नाटकात त्यांची मुलगी झाले आणि पुढं तशीच राहिले.

"गंमत बघ," ते म्हणायचे, "आमचे आबा फौजदार दिसला की मेंढरं सोडून झाडामागं उभे राहायचे. अन् त्यांचं पोरगं जन्मभर फौजदार!"

आबा म्हणजे त्यांचे वडील. पाचोडकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला गावी परतायचे. काकांना तेवढं मावशीकडं शाळेसाठी ठेवलं होतं. अंगावर एक सदरा, रात्री पांघरायला आईनं कातलेल्या लोकरीचं घोंगडं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि काही वर्षांनी गावात मतदान आलं. शाळेच्या गुरुजींनी आबांना सांगितलं, "तुझं मत अन् जहागीरदाराचं मत एकाच वजनाचं." हे वाक्य आबांना इतकं आवडलं की ते कळपामागं चालताना सोबत्यांना ऐकवायचे. पण मतदान यायचं तेव्हा आबा कुठंतरी परमुलखात असायचे. एकदा मात्र मेंढरं मेव्हण्याच्या हवाली करून ते दोन दिवस चालत गावी आले. पोचले तेव्हा मतदान संपून पेटीला लाख लागलेली होती. काका सांगायचे, "शाळेच्या पायरीवर बसले. पानी दिलं तर नको म्हनले. सकाळी उठून परत चालाय लागले." आबांना आयुष्यात एकदाही मत देता आलं नाही.

काकांची ती अट कुठून आली, हे मला ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी कळलं.

पुढं त्यांच्या वयाच्या पन्नाशीत एक चित्रपट आला. त्यात म्हाताऱ्या मेंढपाळाची मोठी भूमिका होती आणि ती चक्क काकांकडं आली. पहिल्यांदाच अंगावर खाकी नव्हती. तालमी आधीच सुरू झाल्यासारखे ते घरात डोईला पटका बांधून वावरायचे. काकू हसून म्हणायच्या, "सासरे परत आल्यासारखं वाटतंय बाई." चित्रीकरण कोल्हापूरकडं होतं. अट नेहमीचीच, आणि ती मान्यही झाली होती. पण ढगांमुळं दिवस पुढं सरकले आणि कळपासोबतचा मुख्य प्रसंग नेमका मतदानाच्या आदल्या दिवशी आला. तोही अर्धा राहिला. कळप आणखी एकच दिवस, म्हणजे नेमका मतदानाच्या दिवशी, मिळणार होता. निर्माता म्हणाला, "आज गेलात तर परत येऊ नका." काकांनी पटका सोडून त्याची नीट घडी केली, कपडेपटात दिली आणि एसटी धरली.

त्या निवडणुकीत बँकेतल्या आम्हा लोकांना मतदान केंद्रांवर नेमलं होतं. मला मिळाली मुकुंदवाडीतली एक शाळा. मतदारयादी माझ्यासमोर होती. दुपारी काका आले. प्रवासानं चुरगळलेला सदरा, डोळे तांबारलेले. मला पाहून एवढे खूश झाले! मी यादीत बोट फिरवलं आणि ते जागीच थांबलं.

"काका, नाव... नाव कापलंय."

"नीट बघ पोरी."

मी परत पाहिलं. मग केंद्राध्यक्षांनी पाहिलं. पुढं कळलं, काही आठवडे आधी यादीच्या पडताळणीला घरी कुणी आलं तेव्हा काका चित्रीकरणाला गेलेले, काकू माहेरी, आणि शेजाऱ्यानं "ते बाहेरगावी असतात" एवढंच सांगितलेलं.

"काय लिहिलंय तिथं?" काकांनी विचारलं.

"स्थलांतरित."

ज्यांचा आवाज शेवटच्या रांगेला जायचा ते माझे काका फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "मग मी आता कुठला गं?"

मागं रांग होती. त्यांनी पुढच्या बाईला वाट करून दिली आणि गेले. मी मान खाली घालून पुढचं नाव शोधू लागले, तर अक्षरं दिसेनात.

महिन्याभरानं एका रविवारी ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "अर्ज लिहायचाय. तुझं अक्षर चांगलं हाय." मी मोठमोठे शब्द घालून मसुदा केला. त्यांनी तो ऐकला आणि म्हणाले, "हे नाटकातलं झालं. सरळ लिही. जो पोटासाठी फिरतोय, त्याला तो असंल तिथं मत देता यावं. बास." त्यांचं स्वतःचं नाव पुढच्या यादीत परत लागलं, तरी असे किती अर्ज आम्ही निवडणूक आयोगाला पाठवले! कधी उत्तर यायचं, विषय धोरणात्मक आहे म्हणून. काका तो कागद जपून ठेवायचे आणि नवा अर्ज सांगायला बसायचे.

सुट्टीच्या दिवशी ते दौलताबादच्या बाजूला, पैठणच्या रस्त्याला, जिथं मेंढपाळांचे तळ पडत तिथं नावनोंदणीचे अर्ज घेऊन जायचे. एकदा मीही गेले होते. एक मेंढपाळ वैतागून म्हणाला, "मत देऊन आमाला काय मिळनार?"

"मिळायचं काय नाय," काका म्हणाले. "पर तू हायेस, हे कुठंतरी लिहिलेलं राहील."

त्यानं अंगठा पुढं केला.

तो चित्रपट लागला तेव्हा काकांनीच तिकिटं काढली. मेंढपाळाचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. काका, काकू आणि मी, तिघांनी तो शेवटपर्यंत पाहिला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "चांगलं केलंय त्यानं. फक्त मेंढराला अशी हाक मारत नसतात." मग सायकल स्टँडजवळ उभं राहून त्यांनी ती खरी हाक हळूच मारून दाखवली. काकूंनी तोंड फिरवलं. मी विचारलं, "काका, वाईट वाटतं?"

"लई वाटतं," ते म्हणाले. "पर परत तसंच झालं तर परत एसटीच धरीन."

पुढं काका थकले, अंथरुणाला खिळले. तोवर फार वृद्ध मतदारांसाठी घरी येऊन मत घ्यायची सोय झाली होती. अधिकारी येणार त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा मागितला. अधिकाऱ्यानं उशाशी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, तर काकांनी काकूंनाही बाहेर जायला सांगितलं. मत पेटीत पडल्यावर त्या तरुण अधिकाऱ्याचा हात धरून म्हणाले, "साहेब, माझ्या बाजेपातुर आलात. मेंढराच्या तळावर कवा जानार?"

"तसा नियम अजून नाही, काका."

"होईल. तुमच्या हातनं व्हावा."

मतमोजणीला अजून दोन-तीन आठवडे होते, तेवढ्यात काका गेले. दहाव्याला काकूंनी मला बाजूला घेतलं. "आता त्यांचं मत बाद करतील का गं?" मी ओळखीच्या एका अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "पेटीत पडलं ना? मग मोजलं जाणार."

निकालाच्या सकाळी मी काकूंकडं गेले. टपालानं आणि घरून आलेली मतं आधी मोजतात, हे त्यांना सांगितलं. आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. आठ वाजून गेल्यावर पडद्यावरचं मतांच्या आकड्यातलं शून्य हललं. काकूंनी पदर सावरला, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या,

"बोलले बघ तुझे काका."