मोजपट्टीआत्याचं वेटोळं

कल्पना करा, कोऱ्या पडद्याच्या मधोमध तुम्ही पेन टेकवलंय. आतून बाहेर वेटोळं काढत यायचं, एक वळण दुसऱ्याला चिकटू द्यायचं नाही. सोपं आहे ना? आता हेच पार्किन्सन्सने थरथरणाऱ्या हाताने काढा.

आमची आत्या दर आठवड्याला हे वेटोळं काढते. देणग्यांवर चालणारी एक संस्था या आजारावरच्या संशोधनाला पैसे पुरवते. त्या संशोधनातलाच एक टॅब आत्याकडे आहे. हाताचा कंप कसकसा वाढतो, ते त्यावरून मोजायचं.

आत्याने जन्मभर बाहेरच्या खोलीत कपडे शिवले. नुसत्या नजरेने माप घेते, म्हणून गल्लीत तिला 'मोजपट्टी' म्हणतात. शेजाऱ्याचं पोट सुटलेलं त्याच्या बायकोआधी हिला कळतं, आणि ही ते तोंडावर सांगतेही. हात थरथरू लागला तसं मशीन बंद पडलं, पण नजर शाबूत. पहिलं वेटोळं बघून ती म्हणाली, "शी! जुन्या गिऱ्हाइकांनी हे पाहिलं तर शिवलेले कपडे परत आणून टाकतील."

मग तिने गुपचूप तालीम सुरू केली. रोज दुपारी, कापड बेतायच्या खाकी कागदावर, खडूने. कोपराला उशी, आणि टेबल हलू नये म्हणून त्यावर आतोबा. अक्षरशः! एका कोपऱ्यावर बसून पेपर वाचायचे.

वेटोळं सुधारत गेलं. एके दिवशी संशोधन करणारी मुलगीच धावत घरी आली.

"आत्या, तुमचा कंप चक्क कमी होतोय! देणगीदारांच्या सभेत तुमचीच वेटोळी दाखवणार मी."

आत्या लाजली. आतोबांना मात्र राहवेना. "होईल नाहीतर काय! त्या टेबलावर बसून बसून माझी विजार झिजली."

सगळं बाहेर आलं. मुलीने कपाळाला हात लावला. "अहो आत्या, ही काय परीक्षा होती, पहिला नंबर काढायला? हात जसा आहे तसाच हवा होता आम्हाला."

"उसवलेला कपडा मी कधी कुणाच्या हातात दिला नाही, पोरी." मग तिचा आवाज उतरला. "आता मला काढणार?"

मशीन बंद झाल्यापासून कुणाच्या तरी उपयोगी पडायची तिला एवढीच जागा उरली होती.

"काढू नका म्हणून मी भांडेन. पण ही वेटोळी बाद. आणि सराव बंद."

आत्याने आतोबांकडे 'बघतेच तुम्हाला' असं बघून घेतलं. मग बाहीचं बटण काढलं आणि सावकाश, ओठ दाबून, परत लावलं.

"हे बटण आजवर आमचे हे लावून द्यायचे. आता माझं मी लावते. कशामुळे?"

मुलगी वाकून बघतच राहिली. "खरंच माहीत नाही, आत्या. त्यासाठी वेगळा अभ्यास लागेल. वेगळे पैसे."

"मग माग की! सभा आहेच ना? विचार त्यांना माझ्यातर्फे. वेटोळ्यात लबाडी झाली, कबूल. पण बटण लागलं, ती कुणाची लबाडी?"