आईच्या मशीनला पुरेल एवढं ऊन

माझ्या लहानपणी आमच्या घरात मोलाची वस्तू एकच होती, आईची पायाने चालवायची शिलाई मशीन. पंचवटीच्या मागे एक खोली, त्यात आम्ही तिघं आणि चौथी ती. नाना, म्हणजे माझे वडील, आधी दुसऱ्याच्या शेतावर बैल हाकायचे, नंतर शहरात येऊन हमाली करायला लागले. आई आठवड्यातून चार दिवस मशीनसकट एसटीने आठवडे बाजाराला जायची. कधी वणी, कधी दिंडोरी, कधी पेठ. नाना पहाटे मशीन एसटीच्या टपावर चढवून द्यायचे आणि मग कामाला पळायचे. कंडक्टर रोज तेच म्हणायचा, "मावशी, हिचं पण तिकीट काढा आज." आई म्हणायची, "ती उभ्यानं येतीय, तिला कशाला तिकीट?"

बाजारात पोत्यावर बसून ती लोकांचे सदरे, पिशव्या, गणवेश शिवून द्यायची. ऊन फिरलं की तीही मशीन ओढत सावलीमागे फिरायची.

मी बारावीला असताना तिच्या उजव्या पायाच्या शिरा फुगल्या. घोट्याजवळ जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पायडल बंद करा. नाहीतर पायाला मुकाल." आई घरी आली. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मला घरी बसवू नका. घरी बसले तर मी अशीच संपंल."

नानांनी ते ऐकलं. महिन्याभरात त्यांनी हमाली सोडली आणि लिलावातून एक जुनी ॲम्ब्युलन्स आणली. सायरन काढलेला, दारावरचा लाल क्रॉस खरवडूनही दिसायचा. रुग्णाच्या फळीवर आईचं अंथरूण झालं, मागच्या दाराशी मशीन बोल्टने बसवली, मशीनला विजेची छोटी मोटर लावली. खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. आता आईने फक्त हात चालवायचे. बाजारात गाडी शिरली की भाजीवाल्या ओरडायच्या, "आला गं शिलाईचा दवाखाना! फाटकं-तुटकं घेऊन या!" आई आतून म्हणायची, "आधी नंबर लावा, डॉक्टर जेवतेय."

तोवर मी बी.एस्सी.ला होते, फिजिक्स घेऊन. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानाने लिहिते. त्या अभिमानाने घरातल्याच एकाला एकदा दुखावलं, तेही लिहायलाच हवं.

बॅटरी भरायची तर वीज हवी, आणि त्या वर्षांत भारनियमनाने सगळ्यांचीच दैना केली होती. नाना बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधून चार्जिंगच्या दुकानात नेऊन ठेवायचे, पण वीजच नसायची, मग अर्धी भरलेली परत आणायची. शेवटी त्यांनी एका द्राक्षबागायतदाराच्या बंगल्यावरून उतरवलेलं सोलर पॅनेल मिळवलं आणि गाडीच्या टपावर चढवलं. दोन वायरी थेट बॅटरीला. "फुकटची वीज," ते म्हणाले, आणि टपाकडे असे बघत राहिले जसं काही तिथे गाय बांधलीय.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग बॅटरी थकली, म्हणून नानांनी एक नवी घेतली आणि जुनीच्या शेजारी जोडून ठेवली. दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट काम, असा हिशेब. झालं उलटंच. दुपारी दोनच्या सुमाराला मोटर कुंथायला लागायची. सुई कापडात अडकून राहायची.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर वणीला गेले. जेवणानंतर नाना पाणी आणायला गेले तेव्हा मला मशीनचा आवाज वेगळा वाटला. वाकून बघितलं तर आईने पट्टा पायाच्या चाकावर चढवला होता आणि पायडल मारत होती. घोट्यावरची पट्टी ओली झालेली.

"आई!"

"हळू बोल. त्यांना सांगू नको. चार गणवेश राहिलेत, पोरं शाळेत काय घालतील?"

"कधीपासून चाललंय हे?"

तिने दोरा तोडला फक्त.

नाना कळशी घेऊन आले आणि माझा तोल गेला. भर बाजारात, दहा गिऱ्हाइकांसमोर मी बोलले. "नाना, तुम्हाला कळत नाही तर जोडता कशाला? जुनी बॅटरी नव्या बॅटरीला कधी जोडतात का? पॅनेल थेट कुणी लावतं का? गाडी कडुलिंबाच्या झाडाखाली उभी केलीय, पॅनेलवर निम्मी सावली आहे. आईचा पाय जाईल तुमच्या या अडाणीपणापायी!"

नानांनी कळशी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, तू शिकली. मी बैलं शिकवली. नवा गोऱ्हा कधी एकटा जुंपत नाय. जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपायचा, मग तो त्याच्या चालीनं चालतो, वळण घेतो. मी म्हनलं, जुनी नवीला सांभाळून घेईल." एवढं बोलून ते गाडीच्या पुढे जाऊन बसले. कुणीतरी हसलं. मला ते हसू अजून ऐकू येतं.

आई मला म्हणाली, "तुझं खरं असंल. पण चारचौघांत बापाला असं बोलतात व्हय? झाडाखाली गाडी कुणासाठी लावली? मी उन्हात भाजू नये म्हणून."

मला तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं. पण मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सरांना सांगून एक हायड्रोमीटर आणलं. काचेची पिचकारी असते, आत एक छोटी कांडी तरंगते. बॅटरीत सहा घरं असतात, एकेका घरातलं पाणी त्यात ओढून घ्यायचं. कांडी वर तरंगली तर घर भरलेलं, बुडाली तर रिकामं. मी ते नानांच्या हातात दिलं आणि काहीही न शिकवता म्हटलं, "तुम्हीच बघा."

आम्ही दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवून एक दिवस पॅनेलवर आळीपाळीने भरल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी नाना उकिडवे बसून एकेक बूच उघडत गेले. नवीची सहाही घरं वर. जुनीची एक, दोन, तीन वर. चौथ्यात कांडी तळाला गेली. त्यांनी परत पाणी ओढलं. परत तळाला. तिसऱ्यांदा ओढलं.

"म्हणजे ही रोज नवीचं खात होती," ते हळूच म्हणाले.

"हो. नवी दिवसभर भरायची, आणि ही तिला रिकामी करायची. चांगली बॅटरी पण अशाने मरते."

"आणि पाणी? मी घालतो ते चालतं ना?"

"तुम्ही बोअरचं घालता. डिस्टिल्ड लागतं. आपलं पाणी प्यायला गोड, नाना, पण त्यातले क्षार आत बसतात."

नानांनी मग स्वतःच्या हाताने जुनी बॅटरी गाडीतून उतरवली. जुना बैल दावणीतून सोडताना माणूस थांबतो ना, तसे थांबले, तिच्यावरची धूळ पुसली. मी तिच्याकडे बघितलं नाही, त्यांच्या हातांकडे बघितलं. म्हटलं, "नाना, त्या दिवशी मी चुकले." ते म्हणाले, "चुकली नाय. मोठ्यानं बोलली, एवढंच."

त्याच आठवड्यात आम्ही पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्ज कंट्रोलर बसवला. बॅटरी भरली की तो विजेला आवर घालतो, नाहीतर वैशाखात पाणी उकळून उडून जातं. जोडीला आणखी एक बॅटरी घेतली तीही नवीच्याच कंपनीची, तेवढ्याच ताकदीची. नवी अजून काही महिन्यांचीच होती, म्हणून जोडी जमली.

राहिला प्रश्न सावलीचा. मी म्हटलं, गाडी उन्हात लावा. नाना म्हणाले, ते जमायचं नाय. दोन दिवस विचार करून त्यांनी पॅनेल टपावरून उतरवलं, ते उभं करायला खाटेच्या तीन पायांची तिकाटी केली, आणि जाड वायर घेतली, कारण बारीक वायरीत वीज वाटेतच मरते हे मी सांगितलं होतं. मग गाडी लिंबाखाली, आणि पॅनेल बाहेर, मोकळ्या उन्हात, दक्षिणेकडे तोंड करून. सकाळी ते पूर्वेकडे किंचित झुकवायचे, दुपारी सरळ, चारनंतर पश्चिमेकडे. दर तासाला उठायचे, ओल्या फडक्याने बाजारातली धूळ पुसायचे, तिकाटी वळवायचे, पुन्हा येऊन बसायचे. कांदेवाला चिडवायचा, "काय नाना, सूर्य राखायला बसलात?" ते म्हणायचे, "राखावा लागतो. तुझ्यासारखे चोर लय हायेत."

संध्याकाळी पाचला मोटर तशीच घुमायची जशी सकाळी नऊला. आई तेव्हाही हसायची नाही फारशी. एकदा मात्र शिवता शिवता थांबली, दोन्ही पाय पुढे लांब केले, बोटं हलवून बघितली, आणि पुन्हा कापड सुईखाली सरकवलं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जखम भरली, ती पुन्हा उघडली नाही. आई त्यानंतर नऊ वर्षं बाजारात शिवण करत राहिली, आणि थांबली ती तिच्या मनाने थांबली.