‘येते’ म्हणाले आणि निघून गेले

एका शब्दापायी मी एकदा चाळीस माणसांची बोट धक्क्यावर अडकवून ठेवली होती. इंजिन सुरू, फिडल सुरात लावलेलं, गुलाशचं पातेलं वाफाळतंय, आणि मी चपला काढून, पाय सीटवर घेऊन, गाडीतून निवांत घराकडे निघालेली. बोटीवरच्या लोकांना वाटत होतं की मी नदीत पडले.

तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते. चौपन्न हे काही समजूत यायचं वय नव्हे, हे मला आता अडुसष्टाव्या वर्षी कळतं. त्या वयात माझी एका गोष्टीबद्दल बालंबाल खात्री होती, ती म्हणजे माझं इंग्रजी. न्यूझीलंडला, पापाकुराच्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट होते. दिवसभर गिऱ्हाइकांना गोळ्या समजावून सांगायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याचं इंग्रजी दुरुस्त करायचं, असा माझा दिनक्रम. तो बिचारा पुलांची ड्रॉइंग्ज करणारा माणूस. "अगं, पूल व्याकरणावर उभे राहत नाहीत," एवढंच म्हणायचा.

आमच्या शेजारी एक हंगेरियन बाई राहायची, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. ईस्ट टामाकीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. आमची पहिली भेट अशी झाली. दार वाजलं, मी उघडलं. उंच, सोनेरी केसांची बाई, हातात जर्दाळूच्या जॅमची बाटली. ती तोंडभर हसून म्हणाली, "सीया!" मला वाटलं, ही 'सी या' म्हणतेय, म्हणजे निघाली. मीही "सी या" म्हटलं आणि दार लावून घेतलं. बाटली तिच्याच हातात राहिली. तिने पुन्हा दार वाजवल्यावर उलगडा झाला की त्यांच्याकडे 'सीया' म्हणजे आपलं नमस्कार-चमत्कार. आणि जाताना ही मंडळी म्हणतात 'हॅलो'!

हा किस्सा मी पुढे दोन वर्षं वाजवला. गणपतीत सांगितला, हळदीकुंकवाला सांगितला, ओळखीच्या नसलेल्या बायकांना पकडून सांगितला. "येताना सी या आणि जाताना हॅलो! उलटं डोकं!" ती समोर असली तर तीही हसायची. आपल्या तोंडातही अशीच एक कोलांटउडी रोज असते, हे मला एकदाही सुचलं नाही.

मग तिचं कँटीन बंद झालं. ती तिच्या स्वयंपाकघरात ढोबळ्या मिरच्या चिरत होती आणि मी आपली उगाच बसले होते, तेव्हा तिने सांगितलं. तिच्या गावात नदीवर संध्याकाळी बोटी निघायच्या. टेबलांवर जेवण, जेवताना वाजवणारे. तसं काही तिला इथे करायचं होतं. हॅमिल्टनला वायकाटो नदीवर फेऱ्या मारणारा एक बोटवाला तिने गाठला होता. तो तयार झाला होता, पण एकाच शुक्रवारपुरता. सहाला सुटायचं, साडेआठला धक्क्याला परत. लोक खूश झाले आणि वेळ पाळली, तर उन्हाळाभर दर शुक्रवार तिचा. नाही तर ही पहिली तीच शेवटची.

"एकसष्टाव्या वर्षी मला दुसरं कँटीन कोण देणार?" ती म्हणाली. मिरचीवरून नजर काढली नाही. मग एकदम, "तू येणार ना बोटीवर?"

माझं उत्तर 'नाही' होतं. एक तर मला पाण्याची भीती, आणि दुसरं म्हणजे मी शाकाहारी, तिच्याकडे तर भाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परतलेली. पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "वी विल सी." बघू. आपल्याकडे 'बघू' म्हटलं की विचारणारा पुन्हा विचारत नाही, त्याला उत्तर मिळालेलं असतं. तिने माझं नाव यादीत घातलं.

शुक्रवारी सामान आमच्या गाडीतून नेलं, कारण तिची गाडी म्हणजे काडेपेटी. तिला पुढे बसवलं आणि मी मागे, गुलाशचं पातेलं दोन पायांत धरून. रस्ता तासाभराचा. धक्क्यावर बोटवाला हातात यादी घेऊन उभा होता. अर्धी चड्डी, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. बोटीत पाय टाकणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे तो खूण करत होता. मी टोप घेऊन चढले तेव्हा मलाही नाव विचारलं. मी सांगितलं, वर त्यातला 'ळ' कसा म्हणायचा याची शिकवणीही दिली. त्याने शांतपणे खूण केली.

सगळं सामान चढवून झालं. मी एप्रन काढून तिथल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात खुंटीला अडकवला. त्याच्या खिशात माझा फोन होता. निघताना दारात थांबले. 'जाते' कसं म्हणायचं? तेही तिच्या एवढ्या मोठ्या कामाच्या दिवशी? मी आपलं शुभ बोलले, फक्त इंग्रजीत.

"ओके, आय ॲम कमिंग."

ती वाफेतून मान न वळवता म्हणाली, "गुड, गुड. बट क्विक!"

मला भरून आलं. येते म्हटल्यावर 'लवकर ये गं' म्हणणारं माणूस परदेशात भेटतं का कुठे? त्याच भरल्या मनाने मी बोटीतून उतरले, गाडीत बसले आणि नवऱ्याला म्हटलं, "चला."

गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर तो उतरला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोन नाही. त्याचा घेऊन मी माझ्याच नंबरवर फोन लावला. पहिल्या रिंगला पुरुषाने उचलला.

"कोण बोलतंय?"

"तुम्ही कोण बोलताय? फोन माझा आहे."

मग तोच आवाज, फार सांभाळून, "बाई, तुम्ही पाण्यात नाही आहात ना?"

"पाण्यात कशाला? मी पेट्रोल पंपावर आहे."

तो बोटवाला होता. यादीत चाळीस खुणा आणि बोटीत एकोणचाळीस डोकी. सहा वाजता निघायचं तर एक बाई गायब, आणि तिचा फोन बोटीतच एप्रनमध्ये वाजतोय. दोन पाहुणे काठाकाठाने मला हाका मारत फिरत होते. माझ्या नावातल्या 'ळ'सकट म्हणे.

तेवढ्यात फोन शेजारणीच्या हातात गेला. "तू येते म्हणालीस!"

"हो. म्हणजे मी जात होते."

"जात होतीस, तर येते का म्हणालीस?"

एम. फार्म. झालेली, रोज दोनशे लोकांना औषधांचं इंग्रजी उलगडून सांगणारी मी, पंपाचे पळते आकडे वाचत राहिले. मागून बोटवाल्याचा आवाज आला, "ती सुखरूप आहे ना? मग सोडू या." आणि शेजारीण म्हणाली, "नाही. तिची खुर्ची आहे." मग बरंच काहीतरी बोलणं झालं आणि बोटवाला फोनवर आला. "दहा मिनिटं. अकरावं नाही. आणि परत यायचं ते साडेआठलाच."

नवऱ्याने गाडी वळवली. एका सिग्नलला थांबल्यावर आरशात बघत म्हणाला, "माझ्या इंग्रजीत काही दुरुस्त्या आहेत का आज?"

धक्क्यावर पोहोचलो तर सगळी बोट कठड्याशी उभी. जागा एकच होती. नवरा म्हणाला, "मी बसतो इथे बाकावर, तू जा." मग पटकन, "म्हणजे ये." मी फळीवर पाय ठेवला तसा तिने वाजवायला आणलेल्या फिडलवाल्याने असा काही तुकडा वाजवला, जसा आपल्याकडे नवरामुलगा मांडवात आल्यावर वाजवतात. चाळिशी उलटलेल्या, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांमधून मी खाली मान घालून गेले. पाण्याची भीती वाटायला सवडच मिळाली नाही.

माझ्या खुर्चीसमोर एक छोटं, झाकण घातलेलं पातेलं होतं. ते मी ओळखलं, कारण ते माझंच होतं. आठवड्यापूर्वी ती मागून घेऊन गेली होती. आत टोमॅटो, कांदा आणि ढोबळ्या मिरचीचा लेचो, तेलातला. "माझ्या भांड्यांना चरबी लागलेली असते," ती म्हणाली, "म्हणून तुझं घेतलं." एवढंच बोलली आणि घड्याळाकडे बघितलं. साडेसहा वाजून गेले होते.

तिचं सगळं गणित अडीच तासांचं होतं. पहिल्या पुलापर्यंत गुलाश, म्हणजे मांसाचं सूप, मग पाप्रिकाचं चिकन आणि त्याबरोबर नोकेडली, म्हणजे पिठाचे उकडलेले छोटे गोळे, आणि शेवटी अक्रोडाचा केक. प्रत्येक ताट ती आत सजवणार आणि फिडलवाल्याची बायको एकेक करून नेणार. आता अर्धा तास माझ्यापायी गेलेला. पुलाखालून बोट गेली तेव्हा सूप जेमतेम नऊ जणांपर्यंत पोहोचलं होतं. घाईत तिच्या हातून एका ताटाबाहेर नोकेडली सांडली, ती पुसून पुन्हा मांडत बसली.

"हे असं नाही होणार," मी म्हटलं. "ताटं आधी सगळ्यांपुढे जाऊ देत. नुसती. रिकामी."

"रिकामी?"

"आमच्याकडे लग्नात दोन बायका तीनशे पानं वाढतात. पातेलं दे."

आणि मी एप्रन बांधून पंगत वाढायला घेतली. आधी राहिलेल्यांचं सूप, मग मी पुढे नोकेडली घेऊन, फिडलवाल्याची बायको मागे चिकन घेऊन. एक डाव, पुढे. एक डाव, पुढे. चिकनकडे मी बघत नव्हते, नाक मात्र बंद करता येत नव्हतं, पण थांबले नाही. पंगत म्हटली की आग्रह आलाच. एकाला विचारलं, "आणखी?" तो म्हणाला, "या, ना." मी त्यातलं 'या' ऐकलं आणि वाढलं. दुसरी म्हणाली, "आय ॲम गुड." बरी आहे तर खाईल, म्हणून तिलाही वाढलं. ही दोन्ही इथल्या लोकांची 'नको' म्हणायची रीत आहे, हे मला नऊ वर्षं इथे राहूनही माहीत नव्हतं. पण कुणी ताटात काही टाकलं नाही. एका आजोबांनी तर तिसऱ्या वेळी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. ती भाषा मला बरोबर कळली.

सगळ्यांचं वाढून मी आत आले, तर फिडलवाला मागोमाग. हा माणूस हेन्डरसनला पियानो दुरुस्त करायचा. हंगेरीत वाजवणारा थेट जेवणाऱ्याच्या कानाशी येऊन वाजवतो, तो मान असतो. त्याने माझ्या कानाशी येऊन एक संथ चाल धरली. माझ्या एका हातात डाव, दुसऱ्यात माझ्या लेचोची वाटी. बघायचं कुठे, हसायचं की नाही, मला काही समजेना. लग्नात उखाणा घ्यायला उभं केलं होतं तेव्हा झालं होतं, अगदी तसं. मी डाव धरून उभ्याउभ्याच जेवले. लेचोत तिखट बेताचंच होतं, पण छान होता.

धक्का दिसायला लागला तेव्हा केकचे तुकडेही वाटून झाले होते. अजून लख्ख उजेड होता. बाकावर नवरा फिश अँड चिप्सचा कागद मांडीवर घेऊन बसला होता, आणि भोवती बदकं. शेजारीण धुतलेला डाव पुन्हा पुन्हा पुसत उभी राहिली होती. बोटवाल्याने दोर बांधला, घड्याळ बघितलं. आठ चौतीस. चार मिनिटं उशीर. त्याच्या तोंडाकडे बघून काहीही कळत नव्हतं.

लोक उतरले. उतरताना जवळजवळ प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला, आणि त्या आजोबांनी पुढच्या शुक्रवारी बायकोला आणू का, असं विचारलं. ती नुसतीच बोटवाल्याकडे बघत होती. तो यादीची घडी घालत होता. तिला काही विचारायचा धीर होईना. शेवटी मीच पुढे झाले. म्हटलं, "उशीर माझ्यामुळे झाला. तिच्यामुळे नाही. आमच्या भाषेत 'येते' म्हणजे 'जाते'."

त्याने ते ऐकून घेतलं. घडी खिशात घातली. मग पहिल्यांदाच किंचित हसला आणि मला म्हणाला, "स्वीट ॲज." इथल्या बोलीत म्हणजे 'झकास'. "पुढच्या शुक्रवारी सहाला. पण बाई, तेव्हा तुम्ही येते म्हणालात, की मी दोर सोडणार."